एअरलॉकमध्ये वेळ कशात जातो?
अंतराळवीर यानाबाहेर पडतात ते एअरलॉकमधून, म्हणजे दोन दारांच्या छोट्या खोलीतून. 'दार उघडून बाहेर पडायला इतके तास कशाला?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. वेळ जातो तो शरीरातला नायट्रोजन काढण्यात. अंतराळस्थानकात हवेचा दाब पृथ्वीवरच्याइतकाच, पण बाहेर पडताना घालायच्या सूटमध्ये जेमतेम एक तृतीयांश. जास्त ठेवला तर सूट ताठरतो, बोटंसुद्धा वळवणं अवघड होतं. दाब एकदम उतरवला तर नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे धरतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर २००१ साली बसवलेल्या 'क्वेस्ट' या एअरलॉकमध्ये तोवर वीज, ऑक्सिजन, थंड पाणी सगळं स्थानकाच्या नळीतून येतं, म्हणजे पाठीवरचा साठा वाचतो. सूटमधला दाब किती त्रास देतो ते पाहा: १९६५ मध्ये यानाबाहेर पडलेले पहिले अंतराळवीर, सोव्हिएत संघाचे लिओनोव्ह, यांचा सूट इतका फुगला, की त्यातला दाब कमी करून ते कसेबसे एअरलॉकमध्ये शिरले, तेही डोकं पुढे घालून. काय धीराचा माणूस!