बहिणीचं पहिलं बाळंतपण, कन्नड येत नाही, कळा सुरू झाल्यावर काय काय बघायचं?

जांबोटीकर:
नमस्कार. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, गडहिंग्लजला दिलीय तिला, ३७ वा आठवडा लागलाय. आमचं गाव जांबोटीच्या पुढं, पावसात बेळगाव गाठायला दीड तास धरूनच चालायचं. तिला कन्नड अजिबात येत नाही आणि आत सिस्टर काय सांगूलेत तेच कळलं नाही तर, या विचारानं रात्री झोपत नाही ओ ती. त्यात आज्जी म्हणते चीक पिळून टाका आणि आधी मध चाटवा. मला पटत नाही पण आज्जीला काय सांगू?

सिस्टर_खानापूर:
मी लेबर रूमला ड्युटी करते. चीक टाकू नका म्हणून आज्जींना हात जोडून सांगा, ती बाळाची पहिली लस समजा, बाळ रडलं श्वास नीट असला की आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि पहिल्या तासातच अंगावर घ्यायचं. मध, गुटी, साखरपाणी काही नाही, सहा महिने फक्त आईचं दूध. मध तर वर्षभर नकोच, त्यानं तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. पहिली अंघोळ २४ तासांनंतर, नाळेला हळद तेल काही लावू नका, कोरडी ठेवा. बीसीजी, पोलिओचा डोस आणि हिपॅटायटिस बी झाल्याशिवाय घरी येऊ नका, हिपॅटायटिस बी २४ तासांच्या आत लागते.
पाच मिनिटांनी कळा येईपर्यंत थांबायचं हे जवळ राहणाऱ्यांसाठी, तुम्ही कळा नियमित झाल्या की लगेच १०८ ला फोन करा. पाणी गेलं, अंगावरून रक्त जाऊ लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यापुढं अंधारी आली, तर कळा नसल्या तरी निघा.

निपाणीची_आई:
दादा माझं तेच झालं बघा. सिस्टर सारखं "उसिरु तगो, उसिरु तगो" म्हणत होत्या आणि मला कळेचना, मी श्वास धरून बसले, त्या ओरडल्या मी अजून घाबरले. श्वास घे एवढंच होतं ते! बाहेर माझी आई बसलेली, तिला कन्नड येतंय, पण आत सोडलं नाही. अजून आठवलं की वाईट वाटतंय. बहिणीला आत्तापासून शिकवा, नोवु म्हणजे दुखणं, हालु म्हणजे दूध.

सिस्टर_खानापूर:
खरं आहे ताई, आम्ही गडबडीत ओरडतो, ते चुकतंच. कळांमध्ये पाठ चोळायला, घोट घोट पाणी द्यायला आपलं माणूस पाहिजे, बाई धीर धरते. बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीचं एक माणूस असावं असं डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनापण म्हणतंय. दादा, आधीच जाऊन विचारून ठेवा, कन्नड येणारी मावशी काकू कोणी असली तर तीच पाठवा. आणि गडहिंग्लजचं कार्ड, रक्तगट, सोनोग्राफी सगळं घेऊन उद्याच तुमच्या आशाताईंना भेटा, बीपी पण बघून घ्या, १४०/९० किंवा त्याच्या वर असलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

जांबोटीकर:
काकूला येतंय कन्नड, हलशीला असते, उद्याच आणतो. आज्जीला तुमचं वाचून दाखवलं, गप्प बसली, मग म्हणाली माझी पहिली दोन गेली तेव्हा कोणी सांगितलं नाही.