फायरबॉलच्या तळातून मेनशीटचा बेस उखडला: दुरुस्ती आणि व्हँग बदलण्याविषयी सल्ला हवा

प्रश्न: खाडीवारा

मी मुंबई बंदरात सुट्टीच्या दिवशी शिडाची बोट चालवतो. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांकडून जुनी फायबरची फायरबॉल (दोघांनी चालवायची शर्यतीची छोटी शिडाची बोट) विकत घेतली. 1982 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या आणि त्यांत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी याच वर्गात सुवर्णपदक मिळवले, हे वडिलांकडून ऐकत मोठा झालो. त्यामुळे या बोटीविषयी मनात विशेष ओढ आहे आणि ती दुसऱ्याच्या हाती न देता स्वतःच दुरुस्त करावी अशी इच्छा आहे.

मागच्या महिन्यात दुपारच्या वायव्येच्या जोरदार वाऱ्यात जाइब करताना, म्हणजे पाठीवर वारा असता शीड एका बाजूकडून दुसरीकडे घेताना, मेनशीटचा (मोठे शीड आवरणाऱ्या दोरीचा) फिरता बेस, म्हणजे कॉकपिटच्या मधोमध बसवलेली कप्पी आणि तिच्या बाहूवरचा क्लीट (दोरी अडकवून धरणारा चाप), हे सगळे चारही स्क्रूंसह तळातून उपटून निघाले. भोकांतून तपकिरी रंगाचे पाणी बराच वेळ झिरपत होते. स्क्रू बाहेरून चकचकीत दिसत होते, परंतु त्यांतील दोन मधोमध निम्म्याहून अधिक झिजलेले आढळले. आधीच्या मालकांनी भोके एकदा लांबी (पुट्टी) भरून बुजवली होती आणि त्याच जागी अधिक लांब स्क्रू मारले होते, असे दिसते. बेसच्या खाली थेट बोटीचा तळ असल्याने आरपार बोल्ट टाकण्याची सोय नाही.

दुसरी गोष्ट व्हँगची, म्हणजे बूमला (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला) खाली धरून ठेवणाऱ्या दोरी-कप्प्यांची आहे. सध्या 8 पट ताकदीची मांडणी आहे आणि जोराच्या वाऱ्यात ती मला पुरत नाही. ती 16 पट करण्याचा विचार आहे. मात्र डोलकाठीच्या पायथ्याशी व्हँगचा जो स्टीलचा ब्रॅकेट आहे, त्याच्या रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी जमली असून हाताने हलवल्यास तो किंचित हलतो.

पावसाळ्यापूर्वी हे काम उरकावे की ऑक्टोबरपर्यंत थांबावे, याविषयीही कृपया सांगावे.

उत्तर: जुना सुतार

तपकिरी पाण्याचा जो तपशील आपण दिला आहे, तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. फायबरच्या दोन थरांमधल्या फोमच्या गाभ्यात पाणी शिरले तरी ते तपकिरी होत नाही. ते लाकडातूनच तसे येते. याचा अर्थ, बोट बांधताना या जागी दोन पातळ थरांच्या मध्ये फोमऐवजी प्लायवूडचा तुकडा घातलेला होता आणि तो आता कुजला आहे. नुसती भोके पुन्हा भरून भागणार नाही, कारण भरलेला मसाला ज्याला धरून राहणार ते लाकूडच उरलेले नाही. आधीच्या दुरुस्तीत नेमकी हीच चूक झाली असावी. आजूबाजूचा भाग नाण्याने ठोकून पाहावा: जिथे आवाज टणक आणि उंच येतो तो भाग शाबूत, जिथे बद्द येतो तिथे थर सुटलेला. पेन्सिलीने सीमारेषा आखून घ्यावी आणि तिच्या दोन सेंटिमीटर पलीकडेच कापायला सुरुवात करावी.

या बेसवर किती ताण येतो, याचा अंदाज सहसा कोणी घेत नाही. क्लीटच्या बाहूचे टोक बेसच्या मध्यापासून साधारण 12 सेंटिमीटर दूर असते आणि स्क्रूंच्या दोन ओळींत जेमतेम 5 सेंटिमीटर अंतर असते. क्लीटमधून दोरी सोडवताना टोकाशी 20 किलोंचा ओढा वरच्या दिशेने पडला, तर तरफेच्या हिशेबाने बाहूच्या विरुद्ध बाजूची ओळ दाबली जाते आणि बाहूकडच्या दोन स्क्रूंवर मिळून 58 किलोंच्या आसपास उपटणारा ताण येतो. जाइबच्या झटक्यात तो याच्याही पुढे जातो. लाकडात मारलेला स्क्रू सरळ ओढ बऱ्यापैकी सोसतो, परंतु अशी हलवून हलवून काढणारी ओढ फार काळ सोसत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, वरचा थर सुमारे 20 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात कापून काढावा. राउटर (कोरण्याचे विजेचे यंत्र) असल्यास त्याची खोली थराच्या जाडीइतकीच ठेवावी. खालचा थर म्हणजे बोटीचा तळ आहे, त्याला पाते लागता कामा नये. कुजलेले लाकूड पटाशीने खरवडून काढावे आणि पोकळी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावी. ओली जागा आणखी ओली करण्याचा हा सल्ला विचित्र वाटेल, परंतु आत मीठ राहिले तर ते हवेतील ओल सतत ओढत राहते आणि जागा कधीच कोरडी होत नाही. धुऊन झाल्यावर वाळवण्यासाठी किमान दहा-बारा दिवस द्यावेत आणि हीट गनने घाई करू नये, कारण उष्णतेने शेजारचा फोम सुटतो.

लाकडाच्या जागी पुन्हा लाकूड घालू नये. विजेच्या पॅनेलमध्ये इन्सुलेशनसाठी वापरतात ती काच आणि इपॉक्सीची कडक शीट 6 मिलिमीटर जाडीत मिळते. तिचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवले की 12 मिलिमीटरचा ठोकळा होतो. गाभ्याची खरी जाडी मोजून त्यात बदल करावा. चिकटवण्यापूर्वी दोन्ही बाजू 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्यांची चमक घालवावी. ठोकळ्याच्या कडा उतरत्या ठेवाव्यात, म्हणजे टणक भाग एकाएकी संपून तिथे थराला तडा जाणार नाही. वरचा थर 2 मिलिमीटर जाड असेल, तर त्याची कड किमान 24 मिलिमीटर रुंदीत उतरती घासून मगच त्यावर काचेचे कापड चढवावे.

त्यानंतर 5 मिलिमीटरचे ड्रिल मारून 6 मिलिमीटर बोल्टचे आटे पाडावेत. 10 मिलिमीटर खोलीत पूर्ण दहा आटे मिळतात आणि ते या कामाला पुरेसे आहेत. ड्रिलवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करावी.

बोल्ट 316 जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. नागदेवी स्ट्रीटवर ते सहज मिळतात, परंतु दुकानात चुंबक लावून दाखवतात त्यावर विसंबू नये, कारण 304 आणि 316 या दोन्ही जाती चुंबकाला जवळपास सारखाच प्रतिसाद देतात. डोक्यावर ए-4 असा ठसा असेल तर तो 316 च्या गटातला समजावा, ए-2 असेल तर 304 च्या. 316 मध्ये असणारा मॉलिब्डेनम धातू ओळखण्याचे द्रव मिळते, त्याचा एक थेंबही खात्री देतो. आपले स्क्रू मधोमध झिजले यात नवल नाही. स्टेनलेस स्टीलला टिकण्यासाठी हवेतील ऑक्सिजन लागतो. ओल्या, बंद भोकात तो मिळत नाही आणि संरक्षक थर तुटून दांडा आतून खाल्ला जातो, तर डोके मात्र बाहेर चमकत राहते. बोटीवरचा ताण सोसणारा प्रत्येक स्क्रू दोन वर्षांतून एकदा पूर्ण बाहेर काढून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. सुरुवात टो-स्ट्रॅपपासून (बोटीबाहेर झुकताना पाय अडकवायच्या पट्ट्यापासून) करावी, कारण तो सुटला तर माणूस थेट पाण्यात जातो.

उत्तर: दोरखंड

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी फक्त व्हँगविषयी लिहितो, कारण तुम्ही ज्या क्रमाने विचार करत आहात तो मला धोक्याचा वाटतो.

आधी ताणाचा हिशेब पाहू. बूम डोलकाठीपासून 2.4 मीटर लांब आहे आणि व्हँग तिला 0.7 मीटरवर जोडलेला आहे, असे धरा. शिडामुळे बूमचे टोक 25 किलोंनी वर उचलले जात असेल, तर ते खाली धरण्यासाठी व्हँगच्या जागी सुमारे 86 किलोंची उभी ओढ लागते. व्हँग 45 अंशांत तिरका असल्याने दोरीत प्रत्यक्ष ताण 121 किलोंपर्यंत जातो. तो सगळा ताण तुमच्या हलणाऱ्या ब्रॅकेटवर येतो. शिवाय बूम 86 किलोंनी पुढे ढकलली जाते, तो भार डोलकाठीच्या सांध्यावर पडतो.

कप्प्यांची संख्या वाढवल्याने ब्रॅकेटवरचा ताण आपोआप वाढत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. बूम तेवढीच खाली धरायची असेल तर ताणही तेवढाच राहतो. मात्र 15 किलोंच्या हाताच्या ओढीने आज घर्षण सोडून 120 किलो मिळतात, ते उद्या 240 मिळतील, आणि जोराच्या वाऱ्यात घाईघाईने ओढणारा हात तेवढे ओढतोच. म्हणून ब्रॅकेट पक्का केल्याशिवाय व्हँगला हात लावू नका.

ती पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज आहे. स्टील आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. रिव्हेट ड्रिलने काढा, जागा स्वच्छ करा आणि भोके वाटोळी राहिली आहेत की लांबट झाली आहेत ते पाहा. लांबट झाली असल्यास ब्रॅकेट थोडा सरकवून नवी भोके पाडा आणि जुन्या व नव्या भोकांच्या मध्यांत व्यासाच्या किमान तिप्पट अंतर ठेवा. डोलकाठीची भिंत पातळ असल्याने तिच्यात आटे पाडून स्क्रू बसवण्याचा मोह टाळा. तिथे दोनच आटे मिळतात. मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) 4.8 मिलिमीटरचे रिव्हेट उत्तम, ते न मिळाल्यास स्टेनलेसचे वापरा. ॲल्युमिनियमचे रिव्हेट या ताणाला कमी पडतात. कोणतेही रिव्हेट वापरले तरी ब्रॅकेटच्या पाठीला आणि प्रत्येक भोकात गंजरोधक इन्सुलेटिंग पेस्ट लावल्याशिवाय बसवू नका. माझ्या अनुभवात रिव्हेटच्या धातूपेक्षा या पेस्टने अधिक फरक पडतो.

यानंतरही 16 पट हवेच असेल, तर आधी सध्याच्या कप्प्या तपासा. तीन दुपटींची साखळी (प्रत्येक दुपटीत एक कप्पी ओढ दुप्पट करते) 8 पट होते, पण प्रत्येक कप्पी दोरीतला 15 टक्के ताण घर्षणात खात असेल तर हाती 6.3 पटच येतात. बॉल-बेअरिंगच्या कप्प्यांत हे नुकसान 5 टक्क्यांवर आणता आले, तर त्याच मांडणीत 7.4 पट मिळतात. पहिल्या दुपटीची दोरी जुन्या पॉलिस्टरची असेल तर ती ताणली जाते आणि तुमची निम्मी मेहनत दोरी लांबवण्यातच जाते. तिथे 4 मिलिमीटरची बिनआवरणाची डायनीमा (अतिशय मजबूत, फारशी न ताणणारी) दोरी वापरा. ती एक टनाहून अधिक भार सोसते. तिला गाठी मारू नका, कारण ती गुळगुळीत असल्याने गाठ सरकते आणि गाठीपाशी तिची ताकद निम्म्याहून खाली येते. टोक दोरीच्या पोटात ओवून स्प्लाइस करा आणि ओवलेला भाग व्यासाच्या 72 पट, म्हणजे सुमारे 29 सेंटिमीटर ठेवा. 16 पट मांडणीत बूम 10 सेंटिमीटर ओढायला 160 सेंटिमीटर दोरी हाताने घ्यावी लागते, हेही ध्यानात असू द्या. जोराच्या वाऱ्यात शर्यतीच्या वळणाची खूण (तरंगता बोया) गाठल्यावर ती सोडायलाही तेवढाच वेळ लागतो.

खाडीवारा

दोघांचेही मनापासून आभार. नाण्याने ठोकून पाहिले; बद्द आवाजाचा भाग 14 सेंटिमीटर लांब आणि 11 सेंटिमीटर रुंद निघाला. एका ब्रॅकेटच्या भोकात रिव्हेट चक्क फिरतो आहे. जवळच्या गोदीत फायबरचे काम करणारे एक कारागीर पॉलिस्टर रेझिनने दोन दिवसांत काम करून देतो म्हणतात. इपॉक्सीचा आग्रह धरावा का?

उत्तर: रेझिन आणि रंग

आग्रह धरावा. बोट बांधताना पॉलिस्टर ओले असतानाच थरावर थर चढतात, म्हणून ते एकजीव होते. जुन्या, वाळलेल्या थरावर मात्र पॉलिस्टर इपॉक्सीइतके घट्ट धरत नाही. इपॉक्सी वाळलेल्या पॉलिस्टरवर चांगले बसते, याच्या उलट केले तर पॉलिस्टर नीट आवळतच नाही. त्यामुळे एकदा इपॉक्सी लावल्यावर पुढची सर्व कामे इपॉक्सीनेच करावी लागतील, हे त्या कारागिरांना स्पष्ट सांगावे.

पॉलिस्टरवर हात बसलेल्या माणसाला काम लवकर आवळण्यासाठी हार्डनर थोडा अधिक टाकण्याची सवय असते. इपॉक्सीत ती सवय घातक ठरते. पाचास एक असे प्रमाण डब्यावर दिले असेल तर ते पाचास एकच असले पाहिजे. अधिक हार्डनरने वेग वाढत नाही, मात्र मऊ आणि चिकट राहिलेला थर मिळतो. वजनाचे प्रमाण आणि मापाचे प्रमाण वेगवेगळे असते, तेही डब्यावरून नीट पाहावे. वेग बदलायचा असेल तर हार्डनर बदलावा. मे महिन्यातील मुंबईच्या उन्हात संथ हार्डनरच घ्यावा, थोडे थोडे मिश्रण करावे आणि ते पसरट ताटलीत ओतावे; खोल पेल्यात ते स्वतःच्याच उष्णतेने काही मिनिटांत उकळून वाया जाते.

वेळेविषयी माझे मत असे. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला पोहोचतो आणि त्याआधी आठवडाभर हवा ओलीच असते. दमट हवेत वाळणाऱ्या इपॉक्सीवर मेणासारखा थर येतो. तो पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर चढवला तर तो सुटतो. नुसते घासल्याने तो निघत नाही, पॉलिश पेपरमध्येच माखला जातो. आपल्याकडे धुऊन वाळवण्यासाठी दोन आठवडे नसतील, तर आता फक्त कुजलेले लाकूड काढून पोकळी उघडी ठेवावी, बोट छपराखाली वारा खेळेल अशी ठेवावी आणि बांधणी ऑक्टोबरमध्ये करावी. पोकळी घाईने बंद करून ओल आत कोंडण्यापेक्षा एक हंगाम उशीर परवडतो. डोलकाठीचे काम मात्र पावसाळ्यात घरात बसून करता येईल.

काचेचा भुगा उडतो तेव्हा साध्या कापडी रुमालावर भागवू नये, चांगला मास्क लावावा. हाताला लागलेले इपॉक्सी थिनरने पुसू नये, कारण थिनर ते त्वचेच्या आत नेतो. एकदा इपॉक्सीची ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहते, आणि माझ्या ओळखीच्या दोघांना त्यापायी बोटीचे काम कायमचे सोडावे लागले आहे.

जुना सुतार

एक भर घालतो. आपल्या बोटीवर शर्यत करणार असाल तर फायरबॉलच्या नियमात हलचे, म्हणजे डोलकाठी-शीड सोडून नुसत्या बोटीचे, किमान वजन ठरवून दिलेले आहे, तेव्हा दुरुस्तीनंतर बोट तोलून घ्यावी. तो ठोकळा कॉकपिटच्या मध्यावर येत असल्याने थोडे वजन वाढले तरी बोटीचा तोल बिघडत नाही. बद्द आवाजाची रुंदी 11 सेंटिमीटर असली तरी लांबी 14 आहे, म्हणून मी सांगितलेले 20 सेंटिमीटरचे वर्तुळ कमी करू नये. सर्व बाजूंनी किमान तीन सेंटिमीटर शाबूत थर पकडीला हवा.

खाडीवारा

ठरले. या रविवारी वरचा थर कापून लाकूड काढतो आणि गोड्या पाण्याने धुऊन बोट छपराखाली ठेवतो. ठोकळा ऑक्टोबरमध्ये बसवेन. ब्रॅकेट जूनमध्ये घरी नव्या भोकांवर बसवेन आणि व्हँग तूर्त 8 पटच ठेवून फक्त कप्प्या आणि पहिली दोरी बदलेन. टो-स्ट्रॅपचे स्क्रू आजच काढून पाहिले. चारपैकी एक हातातच तुटला.