रिसीव्हर स्टँडबायवर: सेट टॉप बॉक्स दिसतो, स्टिक मात्र गायब

चौथा_कोपरा

होम थिएटरच्या रिसीव्हरची (सगळ्या उपकरणांचं चित्र-आवाज घेऊन टीव्ही आणि स्पीकरना देणारा डबा) जोडणी अशी आहे. सेट टॉप बॉक्स रिसीव्हरच्या 'केबल/सॅट' इनपुटला, स्ट्रीमिंग स्टिक 'मीडिया प्लेअर'ला आणि पीएस५ 'गेम'ला. रिसीव्हर ७.२ चॅनलचा, सगळे पोर्ट एचडीएमआय २.०, एचडीसीपी २.२ (४के साठी लागणारं कॉपी-संरक्षण) चालतं. ईएआरसी नाही, फक्त एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत आणण्याची सोय; ईएआरसी ही तिची जास्त क्षमतेची आवृत्ती). त्याच्या आउटपुटमधून ८ मीटरची तांब्याची केबल भिंतीतल्या पाइपातून टीव्हीच्या ईएआरसी पोर्टला जाते. टीव्ही ४के, १२० हर्ट्झ.

अडचणी तीन.

१. दिवसा रिसीव्हर स्टँडबायवर ठेवून टीव्हीच्याच स्पीकरवर काम भागवायचं आहे. सेट टॉप बॉक्स दिसतो. स्टिक निवडून रिसीव्हर बंद केला की 'नो सिग्नल'. रिसीव्हर परत सुरू केला की स्टिकचा कंपनीचा लोगो पहिल्यापासून येतो, मग होम स्क्रीन.

२. रिसीव्हर चालू असताना स्टिकवर ४के एचडीआर लावलं की दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन सेकंद पडदा काळा. कधीकधी गडद दृश्यात पांढरे ठिपके चमकतात. १०८०पी ठेवलं तर तासन्‌तास काही होत नाही.

३. पीएस५ वर ४के १२० चा पर्यायच येत नाही.

एचडीएमआय कंट्रोल (एका रिमोटने सगळी उपकरणं चालवण्याची सोय) सुरू आहे. स्टिक आणि रिसीव्हर यांच्यामधली केबल नवी, दीड मीटरची घालून पाहिली. फरक शून्य.

फ्यूज_५_अँपिअर

तीन अडचणींची तीन कारणं आहेत, एकत्र सोडवायला गेलात तर गुंता होईल. 'पासथ्रू' या एकाच शब्दाखाली दोन वेगळी कामं येतात. एक, स्टँडबायमध्ये सिग्नल नुसता पुढे ढकलणं. दुसरं, रिसीव्हर चालू असताना चित्राला हात न लावता ते पुढे देणं. तुमची पहिली तक्रार पहिल्या कामातली, दुसरी दुसऱ्यातली.

पहिलीचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. लोगो पहिल्यापासून येतो म्हणजे स्टिक रीबूट होतेय. तिची पॉवर कुठून घेतलीये? रिसीव्हरच्या यूएसबी पोर्टातून असेल तर स्टँडबायला तो पोर्ट मरतो, स्टिक बंद पडते, मग पासथ्रू करणार कशाचा? स्टिकसोबत आलेला ॲडॉप्टर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा. टीव्हीच्या यूएसबीवरही नको. तिथले बरेच पोर्ट ५०० मिलिअँपिअरचे असतात, ४के चालवताना स्टिक त्याहून जास्त ओढते.

आता मेनू. डेनॉन-मरांट्झच्या रिसीव्हरमध्ये व्हिडिओ, मग एचडीएमआय सेटअप, तिथे 'एचडीएमआय पासथ्रू' ऑन आणि खाली 'पासथ्रू सोर्स'. तो 'केबल/सॅट'वर अडकवलेला असेल तर दुसरं काही निवडून रिसीव्हर बंद केला तरी सेट टॉप बॉक्सच दिसणार. 'लास्ट' करा, म्हणजे बंद करताना जे इनपुट होतं तेच राहील. यामाहात याला 'स्टँडबाय थ्रू' म्हणतात, आणि तिथे स्टँडबायमध्येही रिमोटवरच्या इनपुटच्या बटणांनी एचडीएमआय बदलता येतं. ही सोय मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. तुमच्या मॉडेलला आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा.

पासथ्रू सुरू ठेवला की स्टँडबायची वीज वाढते. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर वॉटचा आकडा असतो. ५ वॉट धरले तर महिन्याला ३.६ युनिट, म्हणजे फार नाही. पण काही मॉडेलांत 'पॉवर सेव्हिंग' किंवा 'इको' नावाची सेटिंग हाच पासथ्रू गुपचूप बंद करते, ती आधी तपासा.

एक खड्डा: स्टँडबायमध्ये चित्र आलं पण आवाज नाही, असं झालं तर सोर्सचा (स्टिक, बॉक्स वगैरेचा) ऑडिओ जबरदस्तीने 'बिटस्ट्रीम'वर (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) आहे. रिसीव्हर चालू असताना तो स्वतःची ऑडिओ क्षमता सोर्सला सांगतो. बंद असताना समोर फक्त टीव्ही, आणि त्याला डीटीएस किंवा ट्रूएचडी असा सराउंड आवाज कळेलच असं नाही. सोर्समध्ये 'ऑटो' ठेवा.

गिगाबिट_गणपत

दुसऱ्या तक्रारीत मी भिंतीतल्या ८ मीटरवर बोट ठेवतो. दीड मीटरची केबल बदलून काही होणार नव्हतं, कमकुवत कडी तिच्या पुढे आहे.

गणित बघा. १०८०पी ६० हर्ट्झला तारेतून सेकंदाला साधारण ४.५ गिगाबिट जातात. ४के ६० ला ८ बिट ४:२:० मध्ये ८.९ (बिट म्हणजे रंगछटांची बारकाई, ४:२:० वगैरे म्हणजे रंगाची माहिती किती गाळली ते; ४:४:४ म्हणजे काहीच नाही). तेच ४के ६०, १२ बिट ४:२:२ किंवा ८ बिट ४:४:४ असेल तर १७.८, म्हणजे एचडीएमआय २.० च्या १८ च्या मर्यादेला टेकलेलं. साधी तांब्याची केबल ८ मीटरवर ९ गिगाबिट सहज नेते आणि १८ ला धापा टाकते. पांढरे ठिपके म्हणजे बिट चुकताहेत. चुका वाढल्या की टीव्हीचा सिग्नलवरचा ताबा सुटतो आणि पडदा काळा होतो, मग पुन्हा हँडशेक (दोन्ही उपकरणांची नव्याने जुळणी), तेच तुमचे दोन-तीन सेकंद.

पण आधी एक खात्री करा. सिनेमा सुरू होताना आणि संपताना एकेकदाच काळं होत असेल तर तो दोष नाही, स्टिकमधलं 'मॅच फ्रेम रेट' ६० वरून २४ हर्ट्झवर जातंय. दृश्याच्या मध्येच, कधीही होत असेल तरच केबल. ठिपके दिसतात म्हटल्यावर मला शंका उरलेली नाही, तरी चाचणी फुकट आहे:

रिसीव्हरच्या '४के सिग्नल फॉरमॅट'मध्ये 'एन्हान्स्ड'वरून 'स्टँडर्ड' करा. यामाहात हेच 'मोड १' आणि 'मोड २' नावाने असतं. एक अख्खा सिनेमा चालवा. काळं होणं थांबलं तर बँडविड्थचाच (तारेतून किती डेटा जातो याचाच) प्रश्न. मग परत 'एन्हान्स्ड' करून रिसीव्हर टीव्हीजवळ स्टुलावर ठेवा आणि २ मीटरच्या केबलने जोडा. तेव्हाही थांबलं तर दोषी भिंतीत आहे, रिसीव्हर निर्दोष.

टीव्हीच्या बाजूलाही तशीच सेटिंग असते आणि ती प्रत्येक पोर्टला वेगळी: सॅमसंगला 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीला 'एचडीएमआय डीप कलर', सोनीला 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट'. केबल दुसऱ्या पोर्टात हलवली की सेटिंग सोबत येत नाही, यात भलेभले फसतात.

सेटिंग बदलल्यावर एकदा सगळ्यांचे प्लग सॉकेटातून काढा. रिमोटने बंद करणं पुरत नाही, कारण जुनी ईडीआयडी माहिती (टीव्हीला काय काय चालतं त्याची यादी) कुणीतरी धरून बसलेलं असतं. पाच मिनिटांनी आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी सोर्स. मग रिसीव्हरच्या 'इन्फो'मध्ये खरंच काय येतंय ते वाचा: रिझोल्यूशन, कलर फॉरमॅट, बिट. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हा एक पडदा जास्त सांगतो.

चौथा_कोपरा

स्टिक रिसीव्हरच्या यूएसबीवरच होती! वेगळा ॲडॉप्टर लावला, पासथ्रू सोर्स 'लास्ट' केला, आता बंद करूनही स्टिक दिसते. आवाजही येतो.

'स्टँडर्ड'वर अडीच तास एकदाही काळं झालं नाही. २ मीटरच्या केबलवर 'एन्हान्स्ड'ही स्वच्छ. म्हणजे भिंतीतलीच केबल. पाइप २५ मिमीचा, दोन वळणं. काय ओढू? आणि पीएस५?

गिगाबिट_गणपत

८ मीटरला १८ गिगाबिटसाठी ऑप्टिकल केबल (प्रकाशाने डेटा नेणारी एचडीएमआय केबल) घ्या, आणि घेताय तर ४८ गिगाबिटवालीच घ्या. खोक्यावर 'अल्ट्रा हाय स्पीड' प्रमाणपत्राचं लेबल आणि स्कॅन करायचा कोड हवा. नुसतं '८के' छापलेलं असणं म्हणजे काहीच नाही. सोबत ईएआरसी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर चित्र उत्तम आणि टीव्हीकडून परत येणारा आवाज बंद, असा प्रकार होतो.

ही केबल एकेरी असते. 'सोर्स' लिहिलेलं टोक रिसीव्हरकडे, 'डिस्प्ले' टीव्हीकडे. उलटी ओढलीत तर अंधार, आणि पाइपातून परत काढणं आलं. म्हणून ओढण्याआधी जमिनीवर पसरून तासभर चालवून बघा, स्टँडबाय पासथ्रूसकट. केबलच्या टोकांमधल्या चिपना वीज रिसीव्हरच्या आउटपुटमधल्या ५ व्होल्टवरून मिळते, स्टँडबायमध्ये ती कमी पडली तर इथेच कळेल.

एचडीएमआयच्या प्लगचं डोकं दोन वळणांत अडकतं. टोकाला छोटा मायक्रो प्लग आणि वरून मोठं डोकं बसवायचं, अशा केबल मिळतात, तुम्हाला तीच हवी. प्लगला टेप गुंडाळा आणि दोरी प्लगला न बांधता मागे केबलच्या अंगाला बांधा. जुनी केबल सरकत असेल तर तिनेच नवी ओढा, अडली तर वायरमनची स्प्रिंग. नव्या केबलसोबत नायलॉनची एक दोरी आत सोडून द्या, पुढच्या वेळी कामाला येईल. वळणावर केबल मुडपू नका, आतला तंतू काचेचा असतो.

फ्यूज_५_अँपिअर

पीएस५ चं सांगतो. रिसीव्हर एचडीएमआय २.० चा, १८ गिगाबिटवर थांबतो. ४के १२० ला पीएस५ ३२ गिगाबिटचा दुवा वापरतो, त्यामुळे पर्याय येणारच नाही, कितीही केबल बदला. कन्सोल टीव्हीखाली ठेवा, डब्यात आलेल्या केबलने थेट टीव्हीला जोडा, आवाज एआरसीने रिसीव्हरकडे आणा. फक्त टीव्हीचा कोणता पोर्ट १२० हर्ट्झचा आहे ते बघा. बऱ्याच टीव्हींत असे दोनच असतात आणि त्यातला एक ईएआरसीचाच, म्हणजे तुमच्याकडे उरतो एक.

तुमच्याकडे एआरसीच असल्याने मल्टीचॅनल पीसीएम (उलगडलेला, न दाबलेला आवाज) त्यातून जात नाही, पीसीएम ठेवलंत तर स्टिरिओ ऐकाल. पीएस५ च्या ऑडिओ फॉरमॅटमध्ये बिटस्ट्रीम डॉल्बी निवडा, ५.१ मिळेल. आणि एवढ्यासाठी नवा रिसीव्हर घेण्याची घाई करू नका. वापरलेला घ्यायचाच झाला तर २०२० मधली पहिल्या खेपेची ८के मॉडेलं जपून, त्यातल्या काहींच्या एचडीएमआय चिपमधून काही कन्सोलचा ४के १२० सिग्नल पासच होत नव्हता.

केबल लावण्याआधी अजून एक. सेट टॉप बॉक्सचा प्लग दोन पिनांचा असेल तर त्याच्या एचडीएमआय प्लगच्या धातूला टेस्टर लावून बघा. हलका पेटतो, हात लावला तर झिणझिण्या येतात. अर्थिंग नसलेल्या ॲडॉप्टरमधली ही गळती असते. सगळं चालू असताना प्लग खुपसला की ती पोर्टाच्या डेटा पिनांतून वाट काढू शकते आणि पोर्ट जातो. एचडीएमआय लावताना-काढताना सगळे प्लग सॉकेटातून बाहेर. छत्रीची (डिशची) कोॲक्स केबलही बॉक्समधून काढून ठेवा, आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की तीच सगळ्यात आधी काढा.