ऑस्ट्रेलियातल्या सहा वसाहती लढाई न होता एक देश कशा झाल्या?

रंकाळा_काठ:
नमस्कार मंडळी, कोल्हापुरात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. संस्थानांचं विलीनीकरण वाचत होतो, आपलं कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात गेलं ते, आणि तिथनं ऑस्ट्रेलियावर गेलो. पुस्तकात एका ओळीत उरकलंय की १ जानेवारी १९०१ ला सहा वसाहती एक झाल्या. पण का झाल्या? प्रत्येकीचं स्वतःचं विधिमंडळ, स्वतःची तिजोरी, कुणी जबरदस्ती केलेलीबी दिसत नाही. मग हातातली सत्ता कोण कशाला सोडंल? सनावळी नको, कारण सांगा.

मिरज_पॅसेंजर:
भावा, जकात. न्यू साउथ वेल्स खुल्या व्यापारावर चालणारं, शेजारचं व्हिक्टोरिया आपले कारखाने जपायला बाहेरच्या मालावर दाबून कर लावणारं, आणि मधी मरे नदी. अल्याडच्या शेतकऱ्यानं पल्याड माल विकायला नेला की कस्टमवाले आडवे. म्हणून तर एकीची मागणी नुसती सिडनी-मेलबर्नच्या पुढाऱ्यांची राहिली नाही, नदीकाठच्या गावातनं फेडरेशन लीग, म्हणजे एकीसाठी झटणाऱ्या संघटना, निघाल्या आणि १८९३ ला कोरोवा या नदीकाठच्याच गावात परिषद झाली. तिथं जॉन क्विक नावाच्या वकिलानं ठराव मांडला की घटना लिहिणारे प्रतिनिधी लोकांनी निवडायचे आणि लिहून झालेली घटना परत लोकांच्याच मतदानाला टाकायची. त्याआधी १८९१ चा एक मसुदा होता, तो विधिमंडळांनी नुसता लोंबकळत ठेवलेला. क्विकच्या ठरावानं काम पुढं सरकलं, माझ्या मते सगळ्या गोष्टीतला हाच खरा मोठा माणूस.

रेल्वेचं तर विचारू नको. न्यू साउथ वेल्सचा रूळ ४ फूट साडेआठ इंच, व्हिक्टोरियाचा ५ फूट ३ इंच, क्वीन्सलँडचा ३ फूट ६ इंच. सिडनीवरनं मेलबर्नला निघालेल्या माणसानं सरहद्दीवर ऑल्बरीला सामानसुमान घेऊन उतरायचं आणि दुसऱ्या गाडीत चढायचं. मिरजेला तिन्ही गेजच्या गाड्या बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. देश एक झाला तरी त्या दोन शहरात एकाच रुळावर गाडी पळायला १९६२ उजाडलं.

पेठेतला_वाचक:
जकात बरोबर हाय, पण भीतीबी होती. १८८३ ला क्वीन्सलँडनं परस्पर न्यू गिनी ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं, लंडननं ते नामंजूर केलं आणि पुढच्याच वर्षी जर्मनीनं त्या बेटाचा ईशान्य भाग घेतला. एकट्या वसाहतीचं कोण ऐकत नाही हे तिथं कळलं. १८८९ ला न्यू साउथ वेल्सचा प्रीमियर (सरकारप्रमुख) हेन्री पार्क्सनं टेंटरफिल्ड गावातल्या भाषणात संरक्षणाचाच मुद्दा घेतला.

आणि सत्ता कुणी फुकट सोडली नाही, लई घासाघीस झाली. लहान वसाहतींना वाटायचं मोठ्या दोघी आपल्याला गिळणार, म्हणून सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, सगळ्यांना सारख्या जागा, प्रत्येकी ६, टास्मानियालाबी तेवढ्याच. १८९८ च्या मतदानात न्यू साउथ वेल्समध्ये होकार जास्त पडले, पण कायद्यानं ८०,००० होकार लागत होते आणि पडले ७१ हजारांच्या आसपास, म्हणजे अडलंच. मग राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच पण सिडनीपासनं किमान १०० मैल लांब असं ठरलं, आणखी काही कलमं बदलली, तेव्हा १८९९ ला परत मतदान घेऊन पास झालं. कॅनबेरा त्यातनंच आलं, तोवर १९२७ पर्यंत संसद मेलबर्नला.

शाहूपुरी_ताई:
सगळं वाचलं, छान लिहिलंय, पण एक राहिलं आणि ते राहू नये. हे मतदान ज्यांच्या जमिनीवर झालं त्या मूळच्या आदिवासींचं काय? घटनेच्या १२७ व्या कलमात लिहिलेलं की लोकसंख्या मोजताना त्यांना धरायचं नाही. १९०२ ला बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं, त्याच कायद्यानं बहुतेक आदिवासींना नाकारलं. ते १२७ वं कलम १९६७ च्या सार्वमतात गेलं, ९० टक्क्यांवर लोकांनी होकार दिला. परीक्षेत ‘लोकांनी घडवलेला देश’ असं लिहिशील तेव्हा कुठले लोक हेही लिही बाळा.

रंकाळा_काठ:
ताई, नक्की लिहितो. सगळ्यांचे आभार. शेवटचं एक, नंतर कुणी बाहेर पडायला बघितलं का? आणि १९०१ ला पूर्ण स्वातंत्र्य मिळालं असं धरायचं का?

पेठेतला_वाचक:
स्वातंत्र्य नको लिहू, स्वराज्य लिही. घटना ब्रिटिश संसदेच्या कायद्यानं आली, परराष्ट्र धोरण लंडनच्या हातात राहिलं, वसाहतींच्या संसदांना ब्रिटिश संसदेपासनं मोकळं करणारा वेस्टमिन्स्टरचा कायदा ऑस्ट्रेलियानं १९४२ ला स्वीकारला आणि ब्रिटिश संसदेशी उरलेले धागे १९८६ ला तुटले. बाहेर पडायचं म्हणशील तर पश्चिम ऑस्ट्रेलिया. ती मुळातच सगळ्यात शेवटी आली, जुलै १९०० च्या अखेरीस मतदान केलं, तोवर लंडनमध्ये कायदा मंजूर झालेला, म्हणून प्रस्तावनेत बाकी पाच वसाहतींची नावं हायत, हिचं नाही. पुढं १९३३ ला तिथं जवळपास दोन तृतीयांश लोकांनी फुटून निघायला मत दिलं, अर्ज लंडनला गेला, पण ऑस्ट्रेलिया सरकारची संमती नसताना आम्ही यात पडणार नाही म्हणून ब्रिटिश संसदेनं तो घेतलाच नाही.