हिंगोलीत २,६०० कोटी, आणि टोमॅटोचं पान बंगळूरला

औंढेकर (धागाकर्ता)

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, लेकीला घेऊन आयुकात, पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, गेलो होतो. गर्दी तुफान. आत एका टेबलावर लेझर, दोन आरसे आणि मध्ये एक तिरपी काच मांडली होती. टेबलाला टिचकी मारली की भिंतीवरच्या उजेडाच्या कड्या थरथरायच्या. समजावणारा मुलगा म्हणाला, हेच चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत केलं की झाला लायगो, कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल त्यात कळते. भारतात तो हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला होतोय. लेक ओरडलीच, "बाबा, आपलं गाव!"

छाती फुगली, खोटं कशाला सांगू. पण घरी येईपर्यंत डोक्यात आकडा फिरत राहिला. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेले २,६०० कोटी. त्याच तालुक्यात माझ्या वडिलांची सहा एकर आहे, सोयाबीन आणि हळद. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला की वडील पान तोडून त्याचा फोटो मला पाठवतात, कारण मी 'पुण्यात असतो'. या पैशांचा एक तरी शिंतोडा त्या पानावर पडणार आहे का?

आणि पुण्याचं बघा. विज्ञान म्हटलं की आपली मान वरच जाते. नारळीकर सरांचं नाव घरोघरी आहे, ते असायलाच हवं. पण आघारकर कोण ते विचारा, लोक 'सुधारक'वाल्या आगरकरांबद्दल बोलू लागतात. त्यांचाही दोष नाही, आघारकर संशोधन संस्था आहेच मुळी आगरकर रस्त्यावर! शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९४६ साली त्यांच्या पुढाकाराने संस्था सुरू झाली. एमएसीएस ६२२२ हा गहू तिथला. तो पेरणाऱ्यालाही हे ठाऊक नसतं.

माझं म्हणणं एवढंच की आधी पान, मग कृष्णविवर. बोला.

पेठेतला_मास्तर

आधी हिशेब दुरुस्त करून घ्या. लायगोचे पैसे अणुऊर्जा आणि विज्ञान-तंत्रज्ञान खात्यांचे, आणि तेही बऱ्याच वर्षांत मिळून. शेती संशोधनाचं केंद्राचं खातं वेगळं, त्याला दर वर्षी साडेनऊ-दहा हजार कोटींच्या घरात मिळतात. म्हणजे तुमच्या खात्याच्या एका वर्षात साडेतीन लायगो बसतात. शेजाऱ्याने गाडी घेतली नाही म्हणून आपल्या घराचा हप्ता फिटत नाही.

आता 'उपयोग'. जीपीएसचं घिसंपिटं उदाहरण देत नाही, पुण्याचंच देतो. नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप हे स्टॅनफर्डला रोनाल्ड ब्रेसवेल यांचे विद्यार्थी, १९६१ ची पीएच.डी. या ब्रेसवेलना सूर्याचं रेडिओ चित्र काढायचं होतं, पण दुर्बिणीतून मिळायच्या नुसत्या पट्ट्या. वेगवेगळ्या कोनांतल्या पट्ट्या जोडून पूर्ण चित्र कसं काढायचं, याचं गणित त्यांनी १९५६ मध्ये मांडलं. सूर्याच्या जागी डोकं ठेवा, सीटी स्कॅनचं गणित तेच.

रात्रपाळी

मास्तर, दर वेळी हेच. भौतिकीवाल्यांना उपयोग विचारला की ते इस्पितळात शिरतात.

ब्रेसवेलचं गणित कबूल. पण यंत्र केलं गॉडफ्रे हाउन्सफिल्डने, ईएमआय कंपनीतल्या इंजिनिअरने. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिला रुग्ण स्कॅन झाला. त्याला आणि अॅलन कॉर्मॅकला १९७९ चं नोबेल मिळालं तेही वैद्यकाचं. आणि मुळातलं गणित योहान रॅडॉन १९१७ मध्येच लिहून गेला होता. चोपन्न वर्षं ते कपाटात पडून. याला तुम्ही उपयोग म्हणता, मी लॉटरी म्हणते.

आमच्याकडे प्रश्न खाटेवरून येतो. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं फुप्फुसात पाणी भरून जायची. या माणसाने रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी आणि रक्तदाब टिपले, प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध देऊन पाहिलं आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला लिहून कळवलं. माणसं वाचू लागली. नळ्या नाहीत, आरसे नाहीत.

दुसरं पुण्याचं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भार बायांचा अभ्यास केला. बाळं भरली सरासरी २.७ किलो, इंग्लंडात साउदॅम्प्टनची ३.५. दिसायला हडकुळी, पण कमी पडले होते ते स्नायू, चरबी त्या मानाने शाबूत. पुढच्या मधुमेहाची पेरणी पोटातच झालेली. आणि आईच्या खाण्यातल्या कशाचा बाळाच्या वाढीशी संबंध दिसला? दूध, पालेभाजी, फळं. बघा, फिरून बांधावरच आलो.

चहाबाज

मी आलोच, आधण ठेवून.

पेठेतला_मास्तर

डॉक्टरीणबाई, कपाटात होतं म्हणून सापडलं. नसतंच तर हाउन्सफिल्डच्या यंत्राला 'हे गणिताने शक्य आहे' असं कोणी सांगितलं असतं?

शेतीचंच उदाहरण हवं तर घ्या. सिमला ऑफिस चौकातून तुम्ही सगळे रोज जाता. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून ते नाव. त्या खात्याचे १९०४ ते १९२४ प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. केंब्रिजचे गणिती, बूमरँग हवेत कसं वळतं यावर निबंध लिहिणारे. हवामानाचं शिक्षण काही नाही. १८९९ चा दुष्काळ ताजा होता, सरकारला मान्सूनचा अंदाज हवा होता. वॉकरनी जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे मागवले, कारकून बसवून हाताने ताळे घ्यायला लावले आणि प्रशांत महासागर नि हिंदी महासागर यांच्यामधला दाबाचा झोका शोधला. अंदाज काही धड जमला नाही. १९६९ मध्ये ब्यर्कनेस यांनी तो झोका एल निनोशी जोडला, तेव्हा कुठे त्याचा अर्थ लागला. औंढेकर, तुमचे वडील मे महिन्यात "यंदा एल निनो हाय म्हणे" म्हणतात ना, ते इथून आलं.

औंढेकर

म्हणतात. आणि तरी दुबार पेरणी करतात. :)

बांधावरची

इतका वेळ वाचत होते. मी गव्हावर काम करते. संस्था सांगत नाही.

संकर करायचा म्हणजे काय, ते सांगते. सकाळी लवकर प्लॉटमध्ये बसायचं. ओंबी अजून पोटरीतून पुरती बाहेर आलेली नसते. एकेक फूल चिमट्याने उघडायचं आणि आतले तीन परागकोष हिरवे असतानाच काढायचे. एक जरी राहिला नि फुटला तर ते फूल बाद. मग बटर पेपरची पिशवी, तारीख, टाचणी. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या जातीचे पराग आणून शिंपडायचे. एका ओंबीतून मूठभरसुद्धा दाणे नाहीत. ते दाणे पेरा, निवडा, पुन्हा पेरा, सात-आठ हंगाम. मध्ये तांबेऱ्याला किती टिकतात ते तपासायचं. (महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचं संशोधन केंद्र आहे. स्ट्रॉबेरी-क्रीम खाणाऱ्यांनी एकदा चौकशी करावी.) त्यानंतर देशभरच्या केंद्रांवर तीन वर्षं चाचण्या. एका वाणाला दहा-बारा वर्षं जातात, सगळं सुरळीत झालं तर.

आता प्रकल्प किती वर्षांचा मिळतो? तीन. पहिल्या वर्षी पैसे येईपर्यंत पेरणी उलटून जाते, तिसऱ्या वर्षी अहवालात 'फलनिष्पत्ती' लिहायची. चिमटा धरायला शिकवलेला मुलगा तोवर बँकेच्या परीक्षेत पास होतो. मास्तर, तुमच्या दहा हजार कोटींतला मोठा वाटा पगार-पेन्शनचा असतो, तेही धरा.

म्हणून मला लायगोचा राग येत नाही, हेवा वाटतो. आयुकातले संजीव धुरंधर १९८० च्या दशकाच्या शेवटापासून गुरुत्वीय लहरी यंत्राच्या आकड्यांतून (विदेतून) कशा ओळखायच्या यावर काम करत होते. पहिली लहर सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला. पंचवीसेक वर्षं हाती काही लागलं नाही आणि कोणी त्यांना म्हटलं नाही की तीन वर्षं झाली, लहर दाखवा. ती सवलत गव्हाला का नाही? डॉ. याज्ञिकांची खेड्यांतली बाळं आता तिशीत आहेत, म्हणून तर त्या अभ्यासाला किंमत.

रात्रपाळी

याला मात्र +१. आमच्याकडे तर एमडीच्या प्रबंधाला रुग्ण गोळा करायला दीड वर्ष.

खोडदचा_शेजारी

ताई, तुम्हाला बारा वर्षं पाहिजेत. मला टोमॅटोवर करपा आला तर बारा दिवस नसतात. मे २०२० आठवा. आमच्या पट्ट्यात टोमॅटो पिकताना लाल-पिवळे-हिरवट पट्टे पडायला लागले, लोकांनी नावच ठेवलं तिरंगा व्हायरस. वर कोरोना. टीव्हीवर कोणीतरी बोललं की हा माणसालाही होतो, झालं! वनस्पतीचा रोग माणसाला होत नाही हे सांगेपर्यंत नारायणगावच्या मार्केटात क्रेटला गिऱ्हाईक नाही. नमुने गेले कुठं? बंगळूरला. तिथं सांगितलं काकडीचा मोझॅक विषाणू वगैरे. आता गंमत बघा. माणसाच्या विषाणूंची देशातली मोठी संस्था पुण्यात. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा आवाज ऐकणारी दुर्बीण माझ्या बांधाला. आणि टोमॅटोचं पान चाललंय बंगळूरला.

दुर्बिणीवर माझा राग नाही बरं का. पंचेचाळीस मीटरची एकेक तबकडी, अशा तीस, त्यातल्या चौदा इथं जवळजवळ. पण पत्रा नाही कुठं. बारीक स्टीलच्या तारेची जाळी, दोरखंडांवर ताणलेली. खालून बघितलं तर पलीकडचं आभाळ दिसतं. वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका, म्हणून स्वस्त. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा बाप म्हणाला, हा तर द्राक्षाचा मांडव उलटा टांगलाय. स्वरूप साहेबांनी द्राक्षबाग बघून केलं असं म्हणत नाही मी! पण तार ताणायची अक्कल दोघांचीही एकच.

बाकी पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावकडचा मार्ग दुर्बिणीला अडचण म्हणून बाजूला गेला, हे इथं सगळ्यांच्या तोंडी आहे. शास्त्राची किंमत आम्ही अशी मोजतो. कोटीत नाही.

पेठेतला_मास्तर

मांडवाची उपमा अस्सल. पण रेडिओ दुर्बिणीला गोंगाट चालतच नाही हो. विजेवरची गाडी शेजारून गेली की ठिणगीचा आवाज आधी येणार, पल्सारचा, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्याचा, नंतर.

खोडदचा_शेजारी

कळतं हो. मोटार चालू केली की बापाच्या रेडिओवरची गाणी खरखरायची तेव्हापासून कळतं. मी म्हणतोय, मग पान तपासायची एक खोली तरी नारायणगावात द्या.

बांधावरची

खोली द्या, आणि तिच्यात दहा वर्षं तोच माणूस राहू द्या. तुमचे बारा दिवस त्यातूनच सुटतील. काकडीचा मोझॅक पान बघून ओळखणारा माणूस तीन वर्षांत तयार होत नाही.

औंढेकर

'आधी पान, मग कृष्णविवर' यातला 'मग' मागे घेतो. 'आधी' नाही घेत. मास्तर, तुमचा हप्त्याचा दाखला हुशार आहे, पण लायगोची फाईल हलायला केवढी घाई झाली ते आठवा. ११ फेब्रुवारी २०१६ ला अमेरिकेत लहर जाहीर झाली आणि १७ तारखेला इथे तत्त्वतः मंजुरी. सहा दिवस! आमच्या सोयाबीनसाठी असं कोणी सहा दिवसांत बैठकीला बसलेलं मी तरी पाहिलं नाही.

पेठेतला_मास्तर

आणि अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ ला. सात वर्षं. हेही लिहा की.

औंढेकर

लिहिलं. आत्ता वडिलांशी फोनवर बोललो, त्यांना धागा वाचून दाखवला. वॉकर आवडला, विंचवाचे डॉक्टर जास्त आवडले. लायगोबद्दल त्यांचा एकच प्रश्न आहे. "चार किलोमीटरची नळी टाकायलेत म्हन्तूस, तर पल्याडच्या वावरात ट्रॅक्टर न्यायला वाट ठेवायलेत का नाही?"

खोडदचा_शेजारी

काकांना सांगा, नकाशा मागून वाट आत्ताच बघून घ्या. काँक्रीट पडल्यावर नळी सरकत नाही.