हात्सुने मिकूचा स्वभाव नक्की कसा आहे? (भाचीच्या कॉस्प्लेसाठी)

मोरपंखी_दोरा:
माझी भाची नववीत आहे आणि तिला यंदा कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक-कार्टूनच्या चाहत्यांच्या मेळ्याला, वेष करून हात्सुने मिकू व्हायचंय. ड्रेस मी शिवतेय. शिवण मला चांगलं येतं, पण नुसते कपडे चढवून पोरगी उभी राहिली तर मजा नाही ना, म्हणून ही मिकू कोण, कुठली, घरी कोण कोण, लाजाळू आहे की आगाऊ हे सगळं माहीत करून घ्यायचंय. भाची म्हणते मिकू एकदम गोड आहे. तिची मैत्रीण म्हणते छे, ती नाक वर करून फिरणारी राजकुमारी आहे. आणि मी एक गाणं लावलं तर त्यात ती कायमचा निरोपच घेतेय! मी खरं काय धरू?

सापोरो_ते_सांगली:
ताई, तिन्ही खरं आहे. मिकू मुळात गाण्याचं सॉफ्टवेअर आहे. ३१ ऑगस्ट २००७ ला सापोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने ते बाजारात आणलं, आत आवाज तयार करणारं इंजिन यामाहाचं व्होकॅलॉइड २, आणि आवाज फुजिता साकी या व्हॉइस ॲक्ट्रेसचा, तिच्या आवाजाचे बारीक तुकडे रेकॉर्ड करून बनवलेला. आपण सूर आणि शब्द भरायचे, मिकू गाते. कंपनीने तिची माहिती म्हणून दिलीय ती एवढीच: वय १६, उंची १५८ सेंमी, वजन ४२ किलो, आणि तिला कुठल्या प्रकारची गाणी, किती लय आणि कुठली पट्टी मानवते ते. आईबाप, शाळा, गाव, काही नाही. ती जागा मुद्दाम मोकळी सोडलीय आणि ती हजारो गाणी लिहिणाऱ्यांनी भरली. एकाने लाडावलेली राजकुमारी केली, एकाने डिलीट होत असताना सुसाट वेगाने शेवटचं गाणारं सॉफ्टवेअर. मला ती आवडते ती याचसाठी, कुठल्याही पोराला घरबसल्या तिच्याकडून आपल्या मनातलं गाऊन घेता येतं.

टाचणी:
ड्रेसबद्दल सांगते, मी दोनदा शिवलाय. चित्र केई या चित्रकाराचं आहे आणि रंग व बारकावे यामाहाच्या डीएक्स७ या १९८३ च्या सिंथेसायझरवरून घेतलेत, तो फोटो आधी बघाच म्हणजे काळ्याशेजारी तो हिरवट निळा का येतो ते कळेल. बिनबाह्यांचा राखाडी शर्ट, कॉलर, हिरवट निळा टाय, काळा प्लीट्सचा स्कर्ट आणि त्याला टायच्याच रंगाचा गोट. बाह्या शर्टाला जोडायच्या नाहीत हं, त्या सुट्ट्या असतात, दंडावर घट्ट आणि मनगटाकडे घेर, तर वरच्या कडेला आतून इलास्टिक घाला नाहीतर मुलगी दिवसभर बाह्या ओढत बसेल. बाह्यांवर सिंथेसायझरसारखी बटणं येतात, ती कापडी पॅच करून लावा. आणि डाव्या दंडावर लाल रंगात ०१, हे विसरलात तर मिकूवेडे लगेच पकडतात. क्रिप्टनच्या अशा गाणाऱ्या पात्रांच्या मालिकेतली ती पहिली म्हणून ०१, पुढे रिन-लेन ही जोडी ०२ आणि लुका ०३. केसांचे दोन शेपटे पार घोट्याच्या आसपास जातात, विग जड होतो, मान दुखते, शेपटे क्लिपने काढता येणारे घ्या.

रात्रपाळी:
सांगलीकर, बाकी पटलं पण स्वभाव मोकळाच सोडलाय असं मला नाही वाटत. आवाजातच स्वभाव आहे ना! उंच, पातळ, स्वच्छ, आणि कितीही दुःखाचं गाणं असलं तरी रडत नाही, त्यामुळे ऐकणाराच रडतो. २०१० मध्ये अपेंड म्हणून जोड आली त्यात तिच्या आवाजाच्या सहा छटा आहेत, सॉफ्ट, स्वीट, डार्क, व्हिव्हिड, सॉलिड, लाइट. कंपनीने मनःस्थिती म्हणून काही दिलं असेल तर ते हे. आणि लाइव्ह शो बघा, मागे खरा बँड, समोर पडद्यावर ती, आणि हजारो लोक हिरवट निळ्या लाइटच्या कांड्या एका तालात हलवताहेत. २०१४ मध्ये लेडी गागाच्या दौऱ्यात सुरुवातीला ती गायली होती. स्टेजवर हात कसा उचलते, गिरकी कशी घेते ते भाचीला दाखवा, उभं राहणं आपोआप येईल.

मोरपंखी_दोरा:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! आता प्रश्न, बऱ्याच चित्रांत तिच्या हातात कांद्याच्या पातीसारखं काहीतरी असतं, ते द्यायचं का?

सापोरो_ते_सांगली:
हो, द्याच! तो नेगी, जपानी लांब पातीचा कांदा. मूळ चित्रात नाही तो. सॉफ्टवेअर आल्यावर काही दिवसांतच एका चाहत्याने तिच्याकडून एक फिनिश गाणं गाऊन घेतलं, व्हिडिओत छोटीशी मिकू नेगी फिरवतेय, आणि लोकांना ते इतकं आवडलं की नेगी तिचाच झाला. फोमचा करा, खालचा भाग पांढरा ठेवा आणि वर हिरवा. आणि गोड की राजकुमारी ते भाचीला ठरवू द्या, तिचं आवडतं गाणं कुठलं ते विचारा आणि त्यातली मिकू करा.

टाचणी:
+१. आणि टायला सॅटिन नको, फोटोत फार चमकतं.