कॅलिफोर्निया: हायस्कूलच्या बॉण्डला 'हो' म्हणायचं का?

बेएरिया_आई
येत्या निवडणुकीत आमच्याकडे हायस्कूलच्या इमारतींसाठी बॉण्ड मेजर, म्हणजे कर्ज काढायचा प्रस्ताव, मतदानाला आहे. नागरिकत्व मिळाल्यावरचं माझं पहिलंच मत, म्हणून पत्रक अगदी शेवटपर्यंत वाचलं. स्कूल डिस्ट्रिक्ट (इथल्या शाळा चालवणारी स्थानिक संस्था) कर्जरोखे काढणार, त्यातून इमारती सुधारणार आणि ते कर्ज आपण घरवाले प्रॉपर्टी टॅक्समधून पंचवीस-तीस वर्षं फेडणार. 55 टक्के मतं पडली की मंजूर.

माझं मत 'हो'. परवा मुलीच्या शाळेत पालकांची संध्याकाळ होती. इंग्रजीचा वर्ग पोर्टेबलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या हलत्या खोलीत भरतो. चाललं की पायाखालची जमीन पोकळ वाजते. छताची एक टाइल तपकिरी होऊन फुगलेली आणि तिच्या खालचं बाक बाजूला सरकवलेलं. पावसात तिथे बादली असते, असं बाईंनी सांगितलं. रसायनाच्या लॅबमध्ये दोन टेबलांचे गॅसचे नळ टेप लावून बंद केलेत. घरांच्या किमती ज्या शाळांच्या नावावर चढतात, त्यांची ही अवस्था. मला लाज वाटली.

निवृत्त_नाशिककर
ताई, बादली पाहून मलाही वाईट वाटतं. पण माझं मत 'नाही'. मागचे दोन बॉण्ड अजून फिटायचे आहेत, बिलावर त्यांच्या वेगळ्या ओळी दिसतात. 55 टक्क्यांच्या नियमात युनिफाइड डिस्ट्रिक्टला (प्राथमिकपासून हायस्कूलपर्यंत सगळ्या शाळा चालवणाऱ्या) घराच्या करपात्र किमतीच्या दर लाखामागे 60 डॉलरपर्यंत कर लावता येतो, आणि ही मर्यादा एकेका मेजरची आहे, सगळ्यांची मिळून नाही. पार्सल टॅक्समध्ये (किमतीवर नाही, दर मालमत्तेमागे लावतात तो कर) ज्येष्ठांना बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, बॉण्डमध्ये तशी नसते. माझी मिळकत ठरलेली आहे. शिवाय राज्यभर शाळांतली मुलं कमी होताहेत. मग नवं काय बांधताय?

चौकस
काकांना अनुमोदन. सॅन डिएगोजवळच्या पॉवे डिस्ट्रिक्टनं 2011 मध्ये साडेदहा कोटी डॉलर उचलले, आणि फेड जवळजवळ शंभर कोटींची! पहिली वीस वर्षं काहीच भरायचं नाही, व्याज साचत राहणार. तेव्हा पाळण्यात असलेली मुलं ते फेडणार आहेत. लोकांनी 'शाळेसाठी' म्हणून मत दिलं होतं. कर्ज कसलं, हे कुणी विचारलंच नाही.

सिव्हिलवाला
पॉवेचं खरं आहे. पण त्यानंतर 2013 मध्ये कायदा झाला. तसले, व्याज साचत ठेवणारे रोखे आता 25 वर्षांत फेडावे लागतात आणि एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीवर जाऊ शकत नाही. चौपटसुद्धा फार आहे, म्हणून आपल्या मेजरमध्ये साधे रोखे आहेत का, ते जरूर विचारा.

काका, मुलं कमी झाली म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही. आणि राज्याचा पैसा फुकट येत नाही. 2024 च्या प्रपोझिशन 2 मध्ये (प्रपोझिशन म्हणजे राज्यभर मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) राज्यानं 1000 कोटी डॉलर मंजूर केले, त्यातले 850 कोटी शाळांसाठी. जुन्या इमारतीच्या नूतनीकरणात साधारण 60 टक्के राज्य देतं, पण उरलेला वाटा आधी आपण उभा करायचा. आपण 'नाही' म्हटलं तर ते पैसे शेजारचं डिस्ट्रिक्ट नेणार.

1933 च्या लाँग बीच भूकंपात कितीतरी शाळा कोसळल्या. संध्याकाळची वेळ होती, वर्ग रिकामे होते, म्हणून मुलं वाचली. तेव्हापासून शाळांच्या बांधकामाचे नियम इतर इमारतींपेक्षा कडक आहेत. खर्च वाढतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

नवं_घर
माझी अडचण वेगळीच आहे. मी एच-1बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. तीन वर्षांपूर्वी घर घेतलं, करपात्र किंमत 15 लाख डॉलर. शेजारचे आजोबा ऐंशीच्या दशकापासून राहतात. 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे त्यांच्या घराची करपात्र किंमत वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्केच वाढली, आज 3 लाखांच्या आसपास असेल. काकांनी सांगितलेला लाखामागे 60 डॉलरचा दर धरला तर मला वर्षाला 900 डॉलर, त्यांना 180. घरं तशीच, भिंतीला भिंत. आणि मत मात्र त्यांना आहे, मला नाही. मुलगा त्याच शाळेत जातो, म्हणून पैसे द्यायला माझी ना नाही. पण मला कुणी विचारतच नाही, हे फार लागतं.

गोदाकाठ
आपल्याकडे गावोगावी शाळेच्या खोल्या लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या. कर्मवीर भाऊरावांनी 1919 मध्ये रयत सुरू केली, ती मूठ-मूठ धान्यावर वाढली. त्या मातीतून आलेल्यांनी शाळेला 'नाही' म्हणावं, हे मला पटत नाही.

निवृत्त_नाशिककर
मी स्वतः रयतेच्या शाळेत शिकलो, म्हणूनच सांगतो. वर्गणी ऐपतीप्रमाणे असायची. आई मूठभर ज्वारी द्यायची, वाड्यावरून पोतं यायचं. इथे नेमकं उलटं आहे. ज्यानं काल घर घेतलं त्याच्यावर पोतं आणि जुन्या मालकाकडून मूठ. @नवं_घर चं वरचं गाऱ्हाणं खरं आहे. त्याला वर्गणी म्हणू नका.

बेएरिया_आई
काका, हे मान्य. पण ती विषमता प्रपोझिशन 13 ची आहे. शाळेनं ती केलेली नाही, आणि बॉण्ड पाडून ती जाणारही नाही. तोवर मुलं बादलीशेजारी बसणार का? पैसा पगारांकडे वळवता येत नाही, दरवर्षी ऑडिट होतं, आणि देखरेख समितीत ज्येष्ठांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी आणि करदात्यांच्या संघटनेचा एक असावाच लागतो. तुमच्यासारखा माणूस तिथे हवा.

निवृत्त_नाशिककर
समितीचं बघू. आधी सांगा, कामांच्या यादीत त्या पोर्टेबलचं छत आहे का?

बेएरिया_आई
आत्ता पुन्हा पाहिलं. 'छतांची दुरुस्ती अथवा बदल' एवढंच लिहिलंय. कोणत्या इमारतीचं, कधी, काही नाही. स्टेडियमच्या दिव्यांना मात्र वेगळी ओळ आहे. मंगळवारी बोर्डाची बैठक आहे, तिथे उभी राहून विचारणार आहे. @नवं_घर, तुम्हीही या. बोलायला नागरिकत्व लागत नाही.

नवं_घर
किती वाजता?